आईच्या परातीतली कासवं

माझ्या बाबांनी कुणाचं अंग पुसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमचं तर नाहीच. ते रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते, रायपूर ते धमतरी. ड्यूटीवर नसले की घरात एकतर झोपलेले असायचे, नाहीतर पेपर तोंडासमोर धरून बसलेले. मला आणि माझ्या लहान भावाला न्हाऊमाखू घालणं, जेवू घालणं, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं आईनं केलं. बाबा घरात आले की आम्ही आवाज कमी करायचो, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध.

आई गेली तेव्हाही ते रडले नाहीत. घाटावरून आले, अंगणातल्या नळाखाली पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा ठेव."

मी तेव्हा यवतमाळला दिलेली होते. आईच्या दिवसांसाठी आले आणि परत गेले. पुढच्या वर्षी कायमची आले. माझ्या नवऱ्याचं दुसरं घर होतं. गावात सगळ्यांना ते माहीत होतं, मला सगळ्यांत शेवटी कळलं. रायपूरला चौबे कॉलोनीतल्या आमच्या दारात मी बॅग घेऊन उभी राहिले, तेव्हा रिटायर होऊन घरी बसलेल्या बाबांनी आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आली? बरं, राह्य." काय झालं, कोणी त्रास दिला का, काही नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि रात्रीच्या जेवणाला लागले. काही महिन्यांनी मला अभनपूरच्या एका शाळेत नोकरी लागली. सकाळची बस पकडायची, दुपारी उशिरा परत यायचं.

ते दिवस राज्य नवीन होण्याचे होते. रायपूर राजधानी झालं म्हणून गावभर मिठाया वाटल्या गेल्या, आणि मग माणसांची वाटणी सुरू झाली. सरकारी नोकरांपैकी कोण इकडे येणार, कोण भोपाळलाच राहणार, याच्या याद्या निघायच्या. आमच्या शेजारी एक साहेब राहायचे, त्यांना भोपाळ मिळालं. त्यांच्या घरात कोणीतरी हौसेनं आणलेली दोन कासवाची पिल्लं होती. ट्रकमध्ये सामान चढवताना त्यांच्या लक्षात आलं की ही कुठे न्यायची. शेजारच्या बाई खोका घेऊन आमच्या फाटकात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अंकलजी, आप रख लीजिए. शुभ होता है."

बाबा नाही म्हणतील, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे कधी पोपटसुद्धा नव्हता. बाबांनी खोक्यात वाकून बघितलं. दोन पिल्लं होती. एक पेढ्याएवढं, दुसरं त्याहून थोडं मोठं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. मोठ्यानं मान बाहेर काढून त्यांच्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "राहू द्या."

आधी आम्हाला काहीच कळत नव्हतं. बाबांनी त्यांना बादलीत पाणी भरून सोडलं, तशी ती धडपडायला लागली. मीच पटकन बाहेर काढली. मग बाबांनी दूध-पोळी दिली, टमाटर दिला, काकडी दिली. पिल्लं खायची, पण काही दिवसांनी लहान्याची पाठ दाबली तर बोटाला मऊ लागायला लागली. बाबा त्याला बुशकोटाच्या खिशात घालून गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी सोबत होते.

डॉक्टर बंगाली होते, बोलायला मोकळे. त्यांनी पिल्लू उलटं करून पोट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबूजी, हे पाण्यातलं कासव नाही. जमिनीवरचं आहे. पाण्यात टाकाल तर बुडून मरेल." मग त्यांनी समजावून सांगितलं. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यायचं, इतकं थोडं की पिल्लाचं तोंड आरामात वर राहील. त्यात रोज सकाळी थोडा वेळ बसवायचं. लहान पिल्लं लवकर सुकतात, म्हणून. त्यातच ती पाणी पितात, त्यातच घाण करतात. मग पुसायचं, उन्हात ठेवायचं, आणि नंतर खायला. गवत, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला. दूध-पोळी बंद, टमाटर बंद. पाठ टणक व्हावी म्हणून पाल्यावर समुद्रफेस किसून टाकायचा.

निघताना डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "आणि एक सांगतो. हे पाळायला कायद्यानं बंदी आहे. मी काही पाहिलं नाही. पण कुणाला दाखवत फिरू नका."

बाबांनी मान हलवली. त्यांचं लक्ष पिल्लाकडे होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. बाबा सकाळी उठून गॅसवर पाणी ठेवायचे. बादलीतलं पाणी त्यात मिसळून कोपर बुडवून बघायचे. पसरट भांडं म्हणून त्यांनी फडताळातून आईची पितळी परात काढली. आई त्यात कणीक मळायची. ती गेल्यापासून मी ती वापरली नव्हती, कापडात गुंडाळून ठेवली होती.

"बाबा, ती आईची परात आहे," मी म्हणाले.

"मंग? पडूनच होती ना?"

आणि त्यात त्यांनी कासवं बसवली. अंगणात पाटावर बसून ते परातीवर वाकायचे. पिल्लं आधी पाय आत ओढून घ्यायची, मग हळूहळू मान बाहेर काढायची आणि तोंड पाण्याला लावायची. पिल्लू पाणी प्यायला लागलं की बाबा श्वास धरून बघायचे. "पेते, पेते," असं स्वतःशीच पुटपुटायचे. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं एकेक पाय टिपायचे, मानेच्या घडीत बोट घालून पुसायचे. मी दारात पोळीचा डबा भरत उभी असायची. माझी बस चुकायची वेळ झालेली असायची. तरी माझे पाय हलायचे नाहीत. हा माणूस हे करू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं हे हात कुठे होते, असं मनात यायचं.

चाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या अंगणात जास्वंद होती, पण रायपूरच्या झाडांवर कारखान्यांची काजळी बसायची. पान हातात घेतलं की बोटं काळी. बाबा म्हणाले, इथला पाला चालणार नाही, अभनपूरहून आण. आमच्या शाळेच्या मागे मोकळी जागा होती, दूब म्हणजे दुर्वांचं गवत उगवायचं, कुंपणाला तुती होती. शाळा सुटली की मी पिशवी घेऊन तिकडे जायची. बाकीच्या मास्तरणी हसायच्या. "दीदी, गाय पाळली का?" मी हो म्हणायची.

घरी पोचले की बाबा फाटकातच विचारायचे, "चारा आणला काय?"

जेवलीस का, उशीर का झाला, बसला गर्दी होती का, यातलं काही नाही. एकदा मला बसमध्येच थंडी भरून आली. घरी आले तेव्हा अंग भाजत होतं. तशीच खाटेवर पडले. बाबा दारात आले. मला वाटलं, कपाळाला हात लावतील.

"पिशवी दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही आणली बाबा. ताप आहे मला."

"मंग आता त्याईले काय घालू?"

ते घरातून निघून गेले. तासाभरानं कुठूनतरी दूब घेऊन आले आणि नळाखाली बसून एकेक काडी धुतली. मी खिडकीतून बघत होते. उठून मीच गोळी शोधली आणि घेतली.

तरीही खोटं बोलणार नाही, त्या कासवांनीच आम्हाला थोडं जवळ आणलं. एका रविवारी त्यांची पाठ दुखत होती, म्हणून आंघोळ मी घातली. ते खुर्चीवर बसून सूचना देत होते. पाणी कमी कर, मान बघ, पोटाखाली हात धर. लहान्यानं माझ्या तळहातावर पाय पसरले आणि तसंच राहिलं. बाबा बघत राहिले. म्हणाले, "हात हलका आहे तुहा. तुह्या मायसारखा."

माझ्या सबंध आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे एकच कौतुक. मी मान खाली घालून परातीकडे बघत राहिले.

भाऊ रायपुरातच तात्यापाऱ्यात राहायचा, बायको-मुलांसोबत. राजधानी झाल्यावर त्याला नव्या कचेरीत चांगली जागा मिळाली होती. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर त्याचं टेबल. तो आला की बाबांचा चेहरा बदलायचा. मला सांगायचे, चांगलं काहीतरी कर. भाऊ सोफ्यावर बसून कचेरीतल्या गोष्टी सांगायचा, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. बाबा कान देऊन ऐकायचे.

पहिल्या हिवाळ्यात लहान्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. खाणं सुटलं. बाबांनी त्याला लोकरीच्या टोपीत ठेवलं, डॉक्टरांकडे इंजेक्शनं दिली, दिवसा उन्हात मांडीवर घेऊन बसले. पण ते वाचलं नाही. एका सकाळी परातीत ठेवलं तर मान पाण्यात पडली ती उचललीच नाही.

बाबा तिथेच पाटावर बसून रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे, नाक गळेपर्यंत. "मले वाचवता नाही आलं," म्हणत राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आत मात्र मी दगड झाले होते. मला घाटावरून आल्यावरचा तो चहा आठवत होता. आईनं त्या माणसाला उभं आयुष्य जेवू घातलं होतं, आणि तिच्या वाट्याला यातला एक थेंब आला नव्हता. मी लहान्याला जास्वंदीखाली पुरलं. बाबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

मोठं मात्र वाढत गेलं. दोन वर्षांत वाटीएवढं झालं. बाबांनी सगळा जीव त्याच्यात ओतला.

त्या सुमारास भावाची बढती व्हायची होती. एकदा तो आला आणि अंगणात कासव बघून म्हणाला, "बाबा, ये अभी तक है? आपको पता है ना, केस होऊ शकते? माझं नाव येईल त्यात. हटा दो इसको."

"कोठी हटवू?"

"कहीं भी. जंगलात सोडून द्या."

"मरंल ते," बाबा म्हणाले. "त्याले काय माहीत जंगल?"

"तो मरने दो! माझी नोकरी जाईल त्याचं काय?"

बाबा उठले, कासव उचललं आणि आपल्या खोलीत घेऊन गेले. दार लावून घेतलं. भावाला त्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला, "ताई, तुम समझाओ ना इनको."

मी म्हणाले, "माझं कधी ऐकलं त्यांनी?"

त्यानंतर काही दिवसांनी, शाळेला सुट्टी होती त्या सकाळी, वनविभागाची जीप आमच्या फाटकासमोर थांबली. दोघं जण आले. नीट बोलले. म्हणाले, फोन आला होता, या घरात कासव आहे. बाबा परातीपाशीच बसले होते, लपवायला जागाच नव्हती. त्या दोघांनी बाबांचं म्हातारपण बघितलं असावं. केस करणार नाही, फक्त घेऊन जातो, असं म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्याचा खोका आणला होता.

बाबा भांडले नाहीत. त्यांनी कासव पुसलं. मग त्या दोघांना सांगायला लागले, हिंदीत, अडखळत. पाणी कोमट हवं, कोपर बुडवून बघा. मानेच्या वर नको. पुसल्याशिवाय खायला देऊ नका. गवत धुऊन द्या, टमाटर देऊ नका. त्यांच्यातला तरुण माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलवून "हव बाबूजी, हव" म्हणत होता. बाबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोही पुन्हा "हव" म्हणाला. मग जीप गेली.

मी परात उचलायला वाकले.

"हात नको लावू," बाबा म्हणाले. "तूच सांगतलं ना?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"फोन. तूच केला ना? घरात दुसरं कोण आहे? तुले पह्यल्यापासून खुपत होतं ते. मी पाहत नव्हतो काय तुहं तोंड?"

"बाबा, मी कशाला करू? मी दोन वर्षं त्याचा चारा वाहून आणला!"

"काहून केलं असं? स्वतःचं घर मोडलं, आता माह्या जिवाले एक होतं तर..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण मला ते ऐकू आलं. मी शपथ घेतली, आईची घेतली. ते उठून आत गेले. माझी पंचाईत अशी की अर्धं त्यांचं खरं होतं. मला खुपत होतंच. कासव नव्हे, त्यांचं ते पुसणं खुपत होतं. फोन मात्र मी केला नव्हता. आणि हे दोन वेगळे करून त्यांना सांगणं मला जमलं नाही.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले. ताट ठेवलं तर जेवायचे. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून बोलायचे. नागपूरहून आत्या आली, तिलाही त्यांनी सांगितलं. मी स्वयंपाकघरात असताना मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं. भाऊ यायचा, त्यांच्या खाटेवर बसायचा, त्यांचे पाय दाबायचा. त्याची बढती झाली होती. बाबांनी त्याला पेढ्यांसाठी पैसे दिले. त्याच्यासमोर एकदा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हिनं नेवून देलं त्याले." भावानं खाली बघितलं आणि विषय बदलला. मला वाटलं, त्याला माझी कीव आली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी बिनपगारी रजा घेतली. त्यांना भरवलं, कूस बदलली, चादरी धुतल्या. एकदा त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं, "बाबा, मी नव्हता केला फोन." त्यांनी चांगल्या बाजूचा हात उचलला आणि मला दूर सारलं. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

तेरावीला बरीच माणसं आली होती. जेवणं उरकल्यावर मी आणि भाऊ मागच्या ओसरीवर भांडी मोजून ठेवत होतो. कुणीतरी कासवाची आठवण काढली होती, की शेवटी शेवटी त्यांनी कासव पाळलं होतं. भाऊ हसला आणि सहज म्हणाला, "ताई, अब क्या छुपाना. वो फोन तो मैंने ही करवाया था."

माझ्या हातात ताटांची चळत होती. मी ती खाली ठेवली.

"कोणता फोन?"

"अरे, वो कछुए वाला. काय करणार? माझी फाइल वर गेली होती. कोणी तक्रार केली असती तर सगळं बसलं असतं. म्हटलं आपणच करावं, केस नको म्हणून सांगून ठेवलं होतं."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"बाबा मुझसे नाराज हो जाते ना."

"आणि माझ्यावर झाले ते?"

त्याला खरोखर प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "तेरे पे तो वैसे भी..." आणि थांबला. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाला, "छोड ना. अब तो गए वो."

मी तशीच पुढच्या खोलीत गेले. आत्या, तिची सून, दोन-तीन मामा, सगळे पान खात बसले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की फोन मी केला नव्हता, यानं केला होता, आत्ता स्वतः कबूल केलं. माझा आवाज फाटला होता. भाऊ माझ्या मागे येऊन उभा होता. त्यानं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. थकल्यासारखा चेहरा करून त्यानं आत्याकडे बघितलं.

आत्या म्हणाली, "आज काहून उकरून काढून राहिली तू हे? बापाची तेरावी आहे. एका कासवासाठी भावासोबत भांडतं?"

"कासवासाठी नाही आत्या."

"मंग कशासाठी?"

खोलीभर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं. बाबा माझ्यावर खोटा आळ घेऊन गेले, हे वाक्य मनात तयार होतं. पण त्या खोलीत ते किती लहान वाटणार, हे मला दिसलं. तिथं बसलेल्या कुणालाच त्यानं काही फरक पडणार नव्हता. ज्याला पडायला हवा होता तो भिंतीवर हार घालून टांगलेला होता. एका मामांनी विडा गालात सरकवला आणि भावाला विचारलं, नागपूरची गाडी किती वाजता.

त्या वर्षाच्या शेवटी मी अभनपूरला शाळेजवळ खोली घेतली. भाऊ दिवाळीला फोन करतो, मुलांना बोलायला लावतो. ती हिंदीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते. राखी मी टपालानं पाठवते, स्वतः जात नाही. त्याच्या बायकोला वाटतं, मी मनात फार धरून ठेवते. बरोबर वाटतं तिला. मी त्याला माफ केलेलं नाही. आणि बाबांना करू की नको, यावर अजूनही एखाद्या दुपारी, वह्या तपासता तपासता, माझा हात थांबतो आणि मग मी पुढची वही ओढते.